तोंडी घातलेलं नाव

द्वारकाबाईनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. म्हणजे लग्नात घेतलं असेल, उखाण्यात, बायांनी दार अडवून धरल्यावर. पण ते कुणी हिशोबात धरत नाही. एरवी न्हाई म्हणजे न्हाई. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मतदार यादीवाल्यापुढं, जिथं म्हणून कुणी ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणे, तिथं ती मागं वळायची, जी कुणी बाई उभी असेल तिला कोपरानं ढोसायची आणि म्हणायची, “सांग गं तू.” मग ती बाई सांगायची, “तातेराव.” जालन्याच्या चंदनझिऱ्यातल्या निम्म्या बायांनी स्वतःच्या नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं, पण द्वारकाबाईच्या नवऱ्याचं नाव घेऊन घेऊन त्यांची हौस फिटली होती.

बरं, नवरा तरी कसला. तातेराव तिला टाकून कैक वर्षांमागं वडीगोद्रीला गेला होता. हायवेला धाबा टाकला आणि धाब्यासोबत एक बाईही केली. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात द्वारकाबाईसोबत चाळणी धरणाऱ्या बाया तिला म्हणायच्या, “घे की एकदा नाव. अशा नवऱ्याचं आयुष्य सरलं तर सरलं.” कारण मानतात ना तसं, बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तेवढं तुटतं.

द्वारकाबाई चाळणी न थांबवता म्हणायची, “त्यांनी केलं ते त्यांच्या अंगावर. मी माझ्या अंगावर कशाला घेऊ? रोज सकाळी उठती, चूळ धरावी तसं नाव तोंडात धरती, अन् त्यांना जगू देती. माझ्या मेहरबानीवर जगून राह्यलेत ते तिकडं.”

बाया खो खो हसायच्या. पण ती हे हसण्यावारी म्हणत नव्हती. टाकलेल्या बाईच्या हातात काय उरतं? तिच्या हातात एवढं उरलं होतं, आणि ते तिनं मूठ आवळून धरलं होतं.

ह्या द्वारकाबाईच्या घरी बेबीनंदा राहायची. भावाची पोर, केदारखेड्याच्या रामरावची. दहावीपुरती जालन्याच्या शाळेत घातली आणि आत्याच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत आणून ठेवली. आली तेव्हा हजेरीला ‘हजर’ म्हणताना तिचा आवाज फाटायचा. आणि वर्षभरात? वर्षभरात पोरगी अशी फुलली की विचारू नका. गॅदरिंगला माईक धरून सूत्रसंचालन केलं. विज्ञानाच्या बाईंना फळ्यावरची चूक दाखवली, तीही हसत हसत, म्हणजे बाईंना रागावताही येईना. आणि जालन्यातच, कादराबादेत मेडिकलच्या वर मार्तंड सरांचा कॉम्प्युटर क्लास होता, तिथं टायपिंग शिकायला म्हणून गेली ती चित्रं हलवायला शिकली. तिनं काढलेला बैल पडद्यावर शेपटी उडवत चालला तेव्हा अख्खा क्लास गोळा झाला होता.

एकच घोर होता. रामरावनं बजावून ठेवलं होतं, दहावीचे पेपर झाले की जूनमध्ये पेटी उचलायची आणि केदारखेड्याला परत. पुढचं शिक्षण भोकरदनला, एसटीनं जाऊन येऊन, तेही जमलं तर, नाहीतर बघू. ह्या ‘बघू’चा अर्थ बेबीनंदाला पक्का ठाऊक होता. तिच्या दोन्ही मोठ्या बहिणींचं असंच बघितलं गेलं होतं.

आणि नेमकी एप्रिलमध्ये मार्तंड सरांना लॉटरी लागली. बियाण्याच्या एका कंपनीला पेरणीआधी दुकानादुकानांत वाटायला कॉम्प्युटरचा गेम हवा होता. कपाशीचं शेत, शेतात अळ्या, खेळणाऱ्यानं माउसनं त्या टिपायच्या, आणि बांधावर उभी एक बोलकी बाई. चुकलास की ती झापणार, जिंकलास की पाठ थोपटणार. कृषी सेवा केंद्रात तेव्हा बिलासाठी कॉम्प्युटर आलेच होते. त्यावर ही सीडी लावली की गिऱ्हाईक दुकानातून हलायचं नाही, असा कंपनीचा विचार.

“अळ्या मी करीन,” सर म्हणाले, “पण ही बाई माझ्याच्यानं होत नाही. मी काढली की ती शाळा तपासायला आलेल्या बाईसारखी दिसते. बेबीनंदा, बाई तू कर. जमली तर तुला जूनपासून इथं मदतनीस म्हणून ठेवतो. पुढचा कोर्स फुकट. तुझ्या वडिलांशी मी स्वतः बोलेन.”

बस्स. पोरीच्या अंगात वारं शिरलं.

बाई कशी करायची हे तिला शोधावंच लागलं नाही. घरात होती. द्वारकाबाई बोलायला लागली की रस्त्यानं जाणारा सायकलवरून उतरायचा. बेबीनंदानं तिचंच नाक घेतलं, तिचाच खोचलेला पदर, तिचंच कपाळभर कुंकू. मग तोंडं काढायला बसली. बोलकं चित्र करायचं म्हणजे एका चेहऱ्याची बरीच तोंडं काढावी लागतात. ‘आ’ म्हणताना उघडलेलं, ‘ऊ’ला गोल, ‘म’ला मिटलेलं, असं एकेक. मग आवाज ऐकत ऐकत जिथं जे बसतं तिथं ते बसवायचं. आत्या भाकरी खायला बसली की ही समोर कागद घेऊन तिच्या ओठांकडं टक लावायची.

“काय बघून राह्यली गं तोंडाकडं?” द्वारकाबाई म्हणायची. “दात मोजती का? बैल न्हाई मी बाजारातला.”

“आत्या, ‘ओ’ म्हण.”

“ओ कशाला म्हणू? हाक कुणी मारली?”

पण आवाज द्यायला ती खुशीनं आली. सुट्टीच्या दिवशी, इस्त्रीचं लुगडं नेसून. सरांनी पंखा बंद केला, खिडकीला गादी टेकवली, तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला.

“हे काय बांधलं कानाला?”

“काही नाही मावशी, सहज बोला. माईक बघू द्या. काहीही बोला.”

“काहीबी म्हणजे? बरं. आता ते पंख्याचं बटन बंद केलं तुम्ही, अन् मी घामानं भिजून राह्यली. ह्याला बोलणं म्हणत न्हाईत, ह्याला वाफवणं म्हणतात. अन् चष्मा कुठं तुमचा? डोक्यावर? आमचा बी असाच येडा हाय केदारखेड्याला. डोक्यावर चष्मा अन् घरभर हुडकतो. लहानपणी मीच कडेवर घेऊन फिरायची त्याला. आमचा रामराव.”

सर हसले. बेबीनंदा कॉम्प्युटरपाशी हसली. सगळं आत जात होतं.

मग खरं काम. “अरं बाबा, अळी बोंडात शिरली अन् तू ढगाकडं काय बघून राह्यला?” “जल्दी कर, जल्दी.” “शाब्बास रं माझ्या वाघा.” असं एकेक वाक्य द्वारकाबाईनं असं टाकलं, जसं ओंजळीतून दाणे. चुकलं तर स्वतःच म्हणायची, “पुसा ते, दुसऱ्यांदा म्हणती.”

शेवटी ओळख राहिली. गेम सुरू झाला की बाई नमस्कार करून आपलं पूर्ण नाव सांगणार होती. कंपनीच्या साहेबानं मुद्दाम सांगितलं होतं, बाई खरी वाटली पाहिजे, तिला नाव-गाव हवं.

“मी द्वारकाबाई,” ती म्हणाली आणि थांबली. मागं वळली. बेबीनंदाला कोपर लावलं. “सांग गं तू.”

“ह्यात मी कशी सांगू, आत्या? आवाज तुझा आहे.”

“मंग नुसतं द्वारकाबाई ठिवा.”

“मावशी, सगळ्यांचं पूर्ण आहे,” सर म्हणाले. “यजमानांचं नाव लागेल. कुंकू लावलेली बाई, वडिलांचं नाव लावलं तर लोक विचारतील, हिचं काय झालं.”

“विचारू द्या. जालन्यात सगळ्यांना ठावं हाय काय झालं.” तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “सर, तुम्ही शाळेत शिकलेले. तुमचं सगळं बराबर असंल. पण ते नाव माझ्या तोंडातून निघायचं न्हाई. बिलकुल न्हाई. मी मेल्यावर काय करायचं ते करा.”

ती खाली उतरली आणि टमटमनं घरी गेली. सर कपाळाला हात लावून बसले. त्यांच्या घरी त्यांची बायको त्यांना सर्रास नावानं हाक मारायची. सरोजिनीबाईंचा ‘मार्तंड, भाजी आण’ हा आवाज क्लासापर्यंत यायचा. त्यांना हे कोडं सुटेना.

“तेवढं नाव दुसऱ्या कुणाच्या आवाजात घालू,” ते म्हणाले. “कळून येईल, पण इलाज काय.”

“सर,” बेबीनंदा म्हणाली, “मी जोडते ना.”

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा. तिचं तिलाच सुचलं. पडद्यावर आवाजाचा डोंगर दिसतो, हिरव्या रेघांचा. हवा तेवढा तुकडा माउसनं उचलायचा आणि हवा तिथं नेऊन लावायचा. माईक तपासताना आत्या म्हणाली होती, ‘आता ते पंख्याचं बटन’. त्यातलं ‘आ’ तोडलं, ‘पंख्याचं’ तोडलं. मधे राहिलं ‘ताते’. आणि शेवटी म्हणाली होती, ‘आमचा रामराव’. त्यातलं ‘राव’ उचललं. दोन्ही शेजारी ठेवली, मधली फट घासून घासून काढली, आणि बटण दाबलं.

“मी द्वारकाबाई तातेराव,” आत्या म्हणाली.

सर खुर्चीतून उठले. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा लावलं. आवाज आत्याचाच, फट कुठं दिसेना. फक्त एक झालं होतं. ‘ताते’ जरा करकरीत होतं, घामानं वैतागलेलं. आणि ‘राव’ मात्र मऊ होतं, कारण ते धाकट्या भावाला कडेवर घेतलेल्या आठवणीतलं होतं. म्हणजे नाव असं निघालं की आधी रुसवा आणि मग माया. एखादी बाई रुसून रुसून शेवटी विरघळावी तसं.

“काय भाव आलाय गं,” सर म्हणाले. “नटीला जमायचं नाही.”

बेबीनंदाच्या मनात काही आलंच नाही का? आलं. पण पोरगी वकिली डोक्याची. तिनं स्वतःची समजूत काढली. नाव आत्यानं घेतलं का? न्हाई. कॉम्प्युटरनं घेतलं. मग नेम मोडला कुठं? तुकडेच तर आहेत, आणि एकाही तुकड्यात तो माणूस नाही. आणि आत्या कुठं कृषी सेवा केंद्रात गेम खेळायला जाणार आहे. घरी जाऊन सांगू, सांगू, म्हणत राहिली. आत्यानं विचारलं, “काय केलं मंग त्या नावाचं?” तेव्हा ती म्हणाली, “झालं काहीतरी, सरांनी केलं.” हा तिचा पहिला खोटेपणा, आणि तो इतका सहज निघाला की तिचं तिलाही कळलं नाही.

कंपनी खूश झाली. मे सरता सरता सीड्या जिल्ह्यात पोचल्या, बियाण्याच्या पिशव्यांसोबत. सरांनी रामरावला भोकरदनच्या एसटीडीवर बोलावून फोन केला. रामराव म्हणाला, “तुम्ही म्हणता तर राहू द्या. पण आक्काच्या घरी. दुसरीकडं कुठं न्हाई.” बेबीनंदानं त्या दिवशी क्लासातल्या सगळ्यांना खारी आणि चहा दिला. सगळ्या जालन्यात आपल्यासारखी कुणी नाही, असं तिला वाटत होतं, आणि खोटं सांगत नाही, थोडंसं खरंही होतं ते.

मग एका संध्याकाळी द्वारकाबाई कारखान्यातून आली आणि चपला न काढता उंबऱ्यातच बसली.

“बेबे,” ती म्हणाली, “चाळणीवरल्या गोजरबाईचा पोरगा बियाणं आणाया गेल्ता. दुकानात मला बघून आला म्हणं. आज सगळ्या बाया मला साखर मागून राह्यल्या. म्हणं, द्वारकेनं नाव घेतलं, अन् ते बी असं लाडानं.” ती थांबली. “मी कवा घेतलं?”

बेबीनंदानं सांगितलं. आधी भराभर, हात हलवून, रेघांचा डोंगर कसा असतो, तुकडा कसा उचलतात. मग हळूहळू. मग हात हलायचे थांबले. “तू घेतलंच न्हाईस, आत्या. ‘आता ते’ मधलं आहे, अन् आमच्या अण्णांच्या ‘रामराव’मधलं. नुसते तुकडे.”

“लोकांना तुकडे ऐकू येतात का?”

बेबीनंदानं पाण्याचा तांब्या पुढं केला. आत्यानं घेतला नाही.

“किती दुकानांत हाय?”

“सगळ्या.”

“वडीगोद्रीला?”

“असंल.”

द्वारकाबाईनं पायातली धूळ झटकली. बराच वेळ झटकत राहिली. “इतकी वर्षं धरून ठिवलं,” ती म्हणाली, पोरीला नाही, अशीच. “त्याला बी माहीत होतं मी धरलंय. त्याला माहीत होतं, म्हणून तो इकडं फिरकत नव्हता. ज्याचं आयुष्य दुसऱ्याच्या दाताखाली असतं ना, तो समोर येत न्हाई.” मग तिनं मान वर केली. “काढ ते. उद्याच्या उद्या काढ.”

दुसऱ्या दिवशी बेबीनंदा क्लास उघडायच्या आधी जिन्यावर उभी. सरांनी ऐकून घेतलं. सर वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं झालं असतं.

“काढायचं कुठून? सीड्या गेल्या. शेपाचशे दुकानांतून परत मागवू?”

“मग निदान सांगा सर, की जोडलंय. कंपनीला सांगा, पेपरात द्या.”

“कंपनीला आपण सांगितलंय सगळा आवाज बाईचाच आहे. आता जोडाजोडी म्हटलं की पुढचं काम गेलं. आणि तुझं कसं होईल, जूनपासून तुला कशावर ठेवू?” त्यांनी क्लासाचं कुलूप काढलं. “आणि खरं सांगू का, एवढं काय आहे त्यात? नवऱ्याचंच तर नाव आहे.”

ती खाली आली. आत्याला तिनं एवढंच सांगितलं, “निघत न्हाई.” आत्या “बरं” म्हणाली. एवढी बोलकी बाई, नुसतं “बरं”.

त्या रविवारी दारात रिक्षा थांबली. आधी रामराव उतरला, केदारखेड्याहून आलेला, डोक्यावर नवी टोपी. आणि त्याच्यामागून हातात सुटकेस घेऊन एक सुटलेला, पिवळट माणूस. पाय जरा सुजलेला, चप्पल अर्धीच घातलेली. बेबीनंदानं त्याला लहानपणी एकदाच पाहिलं होतं, तरी ओळखलं.

“आक्का,” रामराव म्हणाला, “बघ कुणाला आणलंय. दाजींना.”

द्वारकाबाई चुलीपाशी तांदूळ निवडत होती. उठली नाही. पदर मात्र आपसूक डोक्यावर गेला, आणि गेल्याचा तिला राग आला, हे बेबीनंदाला दिसलं.

तातेराव खाटेवर बसला, घर नीट बघून घेतलं, पत्रा बघितला, टीव्ही बघितला. मग हसला. माणूस गोड बोलणारा होता. धाबा काय उगाच चालला होता का. “द्वारका, तूच बोलावलं म्हणून आलो बरं. वडीगोद्रीत त्या बियाणाच्या दुकानात उभा होतो, तर तू. पोरं बटन दाबून राह्यली अन् तू मला हाका मारून राह्यली. दिवसातून दहादा हाका मारती. मंग माणसानं करावं काय? दगड आहे का मी?”

“म्या बी भोकरदनला ऐकलं,” रामराव म्हणाला. “ऐकलं अन् डोळ्यांत पाणी आलं, आक्का. म्हटलं, सुटला राग. तू काही तोंडानं सांगायची न्हाईस, यंत्रात सांगितलं. मंग गेलो वडीगोद्रीला, समजूत घातली. आता तिकडचं सगळं मिटलंय. ती बाई गेली तिच्या भावाकडं. दाजींना साखर झाली, पायाला जखम हाय, रोज धुवावी लागती. आता तू हाईस म्हटल्यावर घोर न्हाई. झालं गेलं गंगेला मिळालं.”

जखम. म्हणजे असं होतं तर. बेबीनंदाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि ती दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. गॅदरिंगला उभी राहायची तशीच, सरळ.

“अण्णा, आत्यानं नाव घेतलंच न्हाई. ते मी जोडलंय.”

“काय जोडलंय?”

तिनं सांगितलं. नीट सांगितलं, एकेक पायरी करून, विज्ञानाच्या बाईंना सांगितलं असतं तसं. कुठलं ‘ताते’, कुठलं ‘राव’. दोघे पुरुष कौतुकानं ऐकत होते, लेकरू कविता म्हणतं तेव्हा ऐकतात तसं.

“आवाज कुणाचा?” रामरावनं विचारलं.

“आत्याचा.”

“मंग?”

“आवाज तिचा, पण म्हणणं तिचं न्हाई.”

“वा. म्हणजे माझी सावली हाय पण मी न्हाई.” रामराव दाजींकडं बघून हसला. “अन् ते ‘राव’ माझ्या नावातलं म्हणती. ऐका. मंग तर झालंच, भावानंच बोलावलं म्हणा.”

“पोरगी हुशार केली तुम्ही, पाव्हणं,” तातेराव म्हणाला. “आत्याची लाज राखून राह्यली. पण पोरी, बाईमाणसाचा आवाज मी आज ऐकत न्हाई. असा लाड यंत्राला येत न्हाई. तो आतून यावा लागतो.” आणि द्वारकाबाईकडं वळून, पाय पुढं करून म्हणाला, “जरा कोमट पाणी ठिव बरं. लांबून आलो.”

द्वारकाबाईनं सूप खाली ठेवलं. उठली. डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला. खाटेसमोर येऊन उभी राहिली, आणि भाजीवाल्याला हाक मारावी इतक्या साध्या आवाजात म्हणाली,

“तातेराव.”

रामरावचं तोंड उघडंच राहिलं.

“तातेराव, सुटकेस उचला.”

हा आवाज दुकानातल्या आवाजासारखा नव्हता, ह्यात कुठं रुसवा नव्हता आणि कुठं माया नव्हती. तातेरावचा हात नकळत छातीवर गेला. इतक्या वेळ हसत होता तो माणूस, पण आता त्याच्या कपाळावर घाम आला. “सगळ्यांसमोर नाव घेती? नवऱ्याच्या मरणावर उठली का तू?”

“दुकानातली रोज घेती, तर गोड लागतं तुम्हाला. मी घेतलं तर मरण?” ती म्हणाली. “इतकी वर्षं जगवलं तुम्हाला. तुम्हाला माहीत होतं अन् मला माहीत होतं. आता कुणी बी पोरगं बटन दाबतं अन् घेतं. काही सरलं का तुमचं? न्हाई ना. मंग उगाच धरलं मी. तातेराव. तातेराव. अन् सरलं तर सरू द्या. आता माझ्या अंगावर यायचं ते येऊ द्या.”

तिचा आवाज शेवटी चिरकला. जिंकलेल्या माणसाचा आवाज तसा होत नाही. गाठीला जपून ठेवलेलं एकच होतं, तेही आज दारात सांडलं, आणि सांडून मिळालं काय, तर फक्त पूर्वीचं एकटेपण.

तातेराव उठला. सुटकेस उचलून पाय ओढत बाहेर गेला. रिक्षावाला अजून कोपऱ्यावर उभा होता, त्याला हाक मारली, वळून पाहिलं नाही.

रामराव मात्र जागचा हलला नाही. त्यानं डोक्यावरची नवी टोपी काढली. “चार गावांत सांगून आलो मी,” तो म्हणाला. “आक्कानं बोलावलं म्हणून सांगून आलो. अन् तू माझ्यासमोर, माझ्या पोरीसमोर नवऱ्याला असं घालवलं. आता ह्या घरात माझं माणूस ठिवू मी? बेबे, पेटी भर.”

“अण्णा, सरांनी मला...”

“पेटी भर म्हटलं न्हाई का. आक्काच्या घरी, असं बोललो होतो मी. आता आक्का बी न्हाई अन् घर बी न्हाई.”

बेबीनंदा आत्याकडं वळली. तिला पक्कं माहीत होतं, ह्या घडीला अण्णांना वळवील असं एकच माणूस आहे. अण्णा चिडले तरी आक्काच्या शब्दापुढं वाकायचे, जन्मभर वाकत आले होते. ‘राहू दे तिला’ एवढं आत्या म्हणाली तरी पुरं. एवढंच.

“आत्या,” ती म्हणाली, “सांग ना.”

द्वारकाबाई पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली होती. सूप मांडीवर घेतलं होतं, पण बोटं तांदळात तशीच रुतून राहिली होती.

“आत्या, तू एकदा म्हण. तू म्हटलं तर ते ऐकतील.”

“मी कशाला म्हणू?” द्वारकाबाई म्हणाली. रागानं नव्हे, दमलेल्या आवाजात. “माझा आवाज हाय की तुझ्याकडं. तुला लागंल ते जोडून घे.”

मग तिनं खडे वेचायला सुरुवात केली. बेबीनंदा थोडा वेळ तशीच उभी राहिली, अजून काही येतं का बघत. बाहेर रामराव रिक्षा शोधायला गेला होता. तिनं खाटेखालून पेटी ओढली, दोरीवरचे कपडे काढले, आणि ओले होते तसेच आत कोंबले.